चेन्नईचे जलाशय आणि त्यांवरील पक्षी

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर, बंगालच्या उपसागराला लागून, चेन्नई हे शहर वसलेले आहे. १९९६ सालापर्यंत त्याचे अधिकृत नाव मद्रास असे होते. शहराची भूमी जवळजवळ सपाट असून समुद्रसपाटीपासून तिची सरासरी उंची अवघी सहा-सात मीटर आहे. उत्तरेस कोसस्थलैयार, मध्यभागी कूवम आणि दक्षिणेस अड्यार अशा तीन नद्या या सपाटीवरून संथपणे समुद्राला मिळतात. एकोणिसाव्या शतकात खोदलेला बकिंगहॅम कालवा किनाऱ्याला समांतर जातो आणि या तिन्ही नद्यांना छेदतो. उतार फारच थोडा असल्यामुळे पावसाचे पाणी येथे चटकन वाहून जात नाही. ते सखल जागी साचते, पसरते आणि सावकाश ओसरते. पूर्वीच्या लोकांनी मातीचे बांध घालून या पाण्याचे असंख्य तलाव केले. तमिळ भाषेत अशा तलावाला ‘एरी’ म्हणतात.

अशा भूमीवर पक्ष्यांची विपुलता असावी यात नवल नाही. परंतु पक्षी पुष्कळ आहेत एवढे म्हणून जिज्ञासू वाचकाचे समाधान होणार नाही. एकाच शहरात, एकाच दिवशी, अमुक पक्षी येथेच का दिसतो आणि अर्ध्या तासाच्या अंतरावरील दुसऱ्या पाण्यावर तो का दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे. जलपक्ष्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर बव्हंशी एका गोष्टीत सापडते. ती गोष्ट म्हणजे पाण्याची खोली. चेन्नईतील उद्याने, नदीमुख, तलाव आणि दलदल येथे एक दिवस हिंडणाऱ्या निरीक्षकाला हे उत्तर कसे मिळते, ते आता क्रमाने पाहू.

ऋतू आणि साहित्य

महाराष्ट्रात जूनमध्ये सुरू झालेला पाऊस सप्टेंबरअखेर मावळतो. चेन्नईचा मुख्य पावसाळा मात्र त्यानंतर येतो. तेथे वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, येतो. त्यामुळे डिसेंबरअखेर तलाव भरलेले असतात. जानेवारीपासून त्यांचे पाणी हळूहळू उतरू लागते व काठचा चिखल उघडा पडत जातो. याच सुमारास उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले पाहुणे पक्षी येथे स्थिरावलेले असतात. म्हणून निरीक्षणासाठी जानेवारी महिना उत्तम होय.

साहित्य फार लागत नाही. आठपट मोठे दाखवणारी एक द्विनेत्री दुर्बीण, एक टिपणवही, पेन्सिल आणि पक्ष्यांची चित्रे असलेले एखादे पुस्तक एवढे पुरेसे आहे. पक्ष्याचा आकार ठरवताना ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करावी. चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा अशी ही मापे आहेत. सलीम अली यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकामुळे ती सर्वत्र रूढ झाली. आकारानंतर चोच, पाय, शेपटी आणि शेवटी रंग पाहावा. नवशिका निरीक्षक प्रथम रंगाकडे पाहतो आणि फसतो. कारण रंग प्रकाशाप्रमाणे, वयाप्रमाणे आणि ऋतुमानाप्रमाणे बदलतो. चोच आणि पाय बदलत नाहीत. शिवाय पक्षी काय खातो आणि कोठे उभा राहतो, हेही चोच व पाय यांवरूनच कळते.

टिपणवहीत एक रकाना पाण्यासाठी राखून ठेवावा. पक्षी पाण्यात कोठवर बुडालेला होता, म्हणजे पाण्याने त्याची बोटे झाकली होती, गुडघा झाकला होता की पोट टेकले होते, हे लिहावे. या एका रकान्यामुळे दिवसाअखेर सर्व टिपणांना अर्थ येतो.

पहाट : गिंडीचे काटवन

जानेवारीत चेन्नईस सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्याच वेळी गिंडी येथे पोहोचणे इष्ट. गिंडीचे राष्ट्रीय उद्यान राजभवनाच्या शेजारी असून त्याचे क्षेत्र सुमारे २.७ चौरस किलोमीटर आहे. वस्तीने सर्व बाजूंनी वेढलेली अशी राष्ट्रीय उद्याने आपल्या देशात फार थोडी आहेत. आतील भागात जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. लगतचे बालोद्यान मात्र सर्वांना खुले असते.

येथील वनाला शास्त्रीय परिभाषेत उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन म्हणतात. कोरोमंडल किनाऱ्यावर एके काळी ते दूरवर पसरलेले होते; आज त्याचे तुकडे तेवढे उरले आहेत. झाडे बुटकी, पाने जाड व चिवट, झुडपे काटेरी आणि खाली पाचोळ्याचा थर अशी त्याची रचना आहे. ठिपक्यांची हरणे आणि काळवीट तेथे चरताना दिसतात.

येथे पाण्याची खोली हे माप लागू पडत नाही, परंतु तेच तत्त्व निराळ्या रूपाने दिसते. पाण्याऐवजी येथे वनाचे थर असतात. शेंड्यावर तांबट पक्षी ‘टुक्‌ टुक्‌’ असा ठोके घातल्यासारखा आवाज करतो. मधल्या फांद्यांवर हळद्या फिरतो आणि स्वर्गीय नर्तक उडत्या कीटकांवर झडप घालतो. खोडावर सोनपाठी सुतार आपल्या ताठ शेपटीचा टेकू घेऊन वर चढतो. झुडपांत शिंपी आणि दयाळ वावरतात. एका झाडाचे असे मजले पडले असल्यामुळे अनेक जाती एकमेकांच्या तोंडचा घास न काढता जवळजवळ राहू शकतात.

अगदी तळमजल्यावर, पाचोळ्यात, नवरंग हा पक्षी किडे उकरताना सापडतो. वर हिरवा, पंखांवर निळा, पोटाशी फिकट पिवळट, शेपटीखाली लालभडक आणि डोळ्यावरून काळा पट्टा असा त्याचा थाट असतो. तरीही पाचोळ्यातील सावलीत तो सहज लपून जातो. पहाटे व संध्याकाळी ठरावीक वेळी तो दोन स्वरांची शीळ घालतो, म्हणून तमिळ लोकांनी त्याला ‘आरुमणिक्कुरुवि’ म्हणजे ‘सहा वाजताचा पक्षी’ असे समर्पक नाव दिले आहे. मराठी वाचकाला हा पक्षी परका नाही. पावसाळ्याच्या आरंभी कोकणातील आणि सह्याद्रीतील झाडीत घरटी करणारा नवरंग तो हाच. पावसाळा संपला की तो दक्षिणेकडे सरकतो आणि थंडीचे दिवस दक्षिण भारत व श्रीलंका येथे काढतो. शहराच्या पोटात राहिलेला वनाचा एक लहानसा तुकडा अशा रीतीने दूरच्या प्रवाशाची धर्मशाळा ठरतो.

सकाळ : अड्यार नदीचे मुख

गिंडीहून पूर्वेकडे गेल्यास अड्यार नदीचे मुख लागते. दक्षिण तीरावर थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण उद्यान आहे. ही संस्था १८८२ साली येथे आली. तेथील प्राचीन वटवृक्षाचे मुख्य खोड १९८९ साली वादळात कोसळले, परंतु पारंब्यांपासून झालेली खोडे आजही उभी आहेत. उत्तर तीरावरील एका खाजणाची साफसफाई करून तेथे नवी वनस्पती लावण्यात आली आणि २०११ साली ‘तोल्काप्पिय पूंगा’ हे उद्यान सुरू झाले. ‘पूंगा’ म्हणजे उद्यान.

नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. नैर्ऋत्येच्या वाऱ्यांनी उठणाऱ्या लाटा या किनाऱ्यावरील वाळू वर्षातील बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे लोटत नेतात. कोरड्या ऋतूत नदीला ओढ नसते, तेव्हा ही वाळू साचून मुख अरुंद होते, कधी बंदही पडते. पूर आला की ते पुन्हा मोकळे होते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो. चेन्नईस तो सुमारे एक मीटर एवढाच असतो. परंतु सपाट गाळावर एवढा फरकही पुरेसा होतो. पाणी थोडे उतरले की गाळाची पट्टी उघडी पडते आणि पक्षी तिच्यावर उतरतात.

येथे निरीक्षकाने चोचींकडे लक्ष द्यावे. ओल्या गाळाच्या पृष्ठावर छोटा टिलवा धावत असतो. त्याचे वजन अवघे पंचवीस ग्रॅम आणि चोच आखूड. पृष्ठालगतचे बारीक किडे तो भराभर टिपतो. उत्तर ध्रुवाजवळच्या वृक्षहीन प्रदेशात जन्मलेला हा इवलासा जीव हिवाळ्यासाठी येथवर उडत येतो. त्याच्या शेजारी तुतवार शेपूट खालीवर हलवीत पाण्याच्या कडेने चालतो. थोड्या अंतरावर सोन चिखल्या चार पावले धावतो, थांबतो, पाहतो आणि मग टिपतो. तो डोळ्यांच्या बळावर शिकार करतो. उलट टिलवे व तुतवार यांच्या कुळातील अनेक पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी संवेदनशील मज्जातंतू असतात. गाळात चोच खुपसली की तेथील किडा त्यांना दिसत नाही, जाणवतो.

पाण्याच्या काठी लहान बगळा आपल्या पिवळ्या पायाने तळ ढवळतो आणि घाबरून उठलेली मासळी पकडतो. राखी बगळा अधिक उंच, म्हणून अधिक खोल पाण्यात निश्चल उभा राहतो. कवड्या खंड्या पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. दांड्यावर तपकिरी डोक्याचे कुरव विसावलेले असतात. मध्य आशिया व तिबेट येथील उंचावरील सरोवरे ही त्यांची जन्मभूमी होय.

या नदीमुखाशी पूर्वी पुष्कळ अधिक पक्षी येत असत, असे जुने निरीक्षक नमूद करून ठेवतात. शहराचे सांडपाणी नदीत येऊ लागले आणि गाळातील जीवसृष्टी क्षीण झाली. चोच तीच राहिली, पण तिच्यात येणारा घास कमी झाला.

दुपार : पेरुंबाक्कमचा तलाव

ऊन चढल्यावर वनातील पक्षी गप्प होतात. जलपक्षी मात्र उघड्यावरच असतात. म्हणून दुपारचा वेळ शहराच्या दक्षिणेस असलेल्या पेरुंबाक्कमच्या तलावाला द्यावा. बांधावर उभे राहिले असता पाण्याचे सर्व थर एका दृष्टिक्षेपात येतात.

मध्यभागी, जेथे पाणी खोल आहे, तेथे बुडी मारणारे पक्षी असतात. पाणकावळा बुडून मासा पाठलाग करून पकडतो. त्याच्या चोचीचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. तिरंदाजाची चोच सरळ व टोकदार असून तो माशाला पाण्याखाली भोसकतो. पोहताना त्याची सापासारखी मान तेवढी वर दिसते, यावरून त्याला सर्पपक्षी हेही नाव पडले. बाहेर आल्यावर हे दोघे पंख पसरून उन्हात बसतात. इतर जलपक्ष्यांप्रमाणे त्यांच्या पंखांवरून पाणी पूर्णपणे ओघळून जात नाही, पिसे भिजतात. हा दोष वाटला तरी तो त्यांच्या उपयोगाचा आहे; कारण भिजलेल्या पिसांत हवा कमी राहते आणि बुडी मारणे सोपे जाते.

त्याच खोल पाण्यावर झोळीवाला पोहत असतो. खालच्या चोचीला असलेली कातडी पिशवी जाळ्यासारखी पाण्यात घालून तो मासे पाण्यासकट उचलतो, पाणी निथळू देतो आणि मग मासे गिळतो.

काठाकडे थोडे यावे तो बदके दिसू लागतात. थापट्या, तलवार बदक आणि भुवई बदक हे हिवाळ्यातील पाहुणे. हळदीकुंकू बदक येथील रहिवासी. ही बदके बुडी मारीत नाहीत; डोके खाली व शेपटी वर करून तळाच्या वनस्पती व बिया खातात. अर्थात ज्याची मान जितकी लांब तितक्या खोलीपर्यंतच त्याचे अन्न. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते भुवई बदकापेक्षा खोल पाण्यातील अन्न मिळवू शकते. पाणी दोन वीत वाढले तरी तळ त्यांच्या आवाक्याबाहेर जातो आणि बदके दुसरा तलाव शोधतात.

जेथे कमळाची पाने पसरली आहेत, तेथे कमळपक्षी पानांवरून चालतो. त्याची बोटे व नखे इतकी लांब असतात की देहाचा भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो आणि पान बुडत नाही. या जातीत अंडी उबवण्याचे काम नर करतो. मादी एका ऋतूत अनेक नरांच्या घरट्यांत अंडी घालते. लव्हाळ्यांत जांभळी पाणकोंबडी कोवळे देठ पायात धरून सोलून खाते. जेमतेम वीतभर पाण्यात मुग्धबलाक गोगलगायी शोधतो. त्याच्या दोन चोचींच्या मध्ये फट असते. मिटली तरी चोच पुरती मिटत नाही. ही चोच गुळगुळीत शिंपले पकडण्यास सोयीची असून तिच्या टोकाने तो गोगलगायीचे मांस शिंपल्यातून अलगद सोडवतो.

संध्याकाळ : पळ्ळिकरणैची दलदल

पेरुंबाक्कम आणि परिसरातील अनेक तलावांचे जादा पाणी सांडव्यांवरून पळ्ळिकरणै येथील विस्तीर्ण सखल भागात येते. येथून ते ओक्कियम मडुवु या प्रवाहाने बकिंगहॅम कालव्याकडे आणि पुढे कोवळम्‌च्या खाडीतून समुद्राला जाते. दलदलीत गोडे पाणी आणि काही भागात मचूळ पाणी असते. खोली कोठे घोट्याएवढी, कोठे गुडघ्याएवढी. ज्याला ‘उथळ’ म्हणून हिणवले जाते, असे हे पाणी पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध असते. कारण सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, शेवाळ व वनस्पती जोमाने वाढतात आणि त्यांवर असंख्य किडे, गोगलगायी व मासळी पोसली जाते.

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात येथे पायांच्या लांबीचा पाठ वाचता येतो. शेकाट्याचे गुलाबी पाय सुमारे वीस सेंटिमीटर लांब असतात. तो वीतभर पाण्यात सहज चालतो. त्याच्याजवळ मालगुजांचा थवा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून आठ ते बारा सेंटिमीटर लांबीची चोच तळात खुपसतो. चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात फिरवतो आणि माशाचा स्पर्श होताच ती मिटतो. चमचा पक्षी आपली चपटी चोच डावीउजवीकडे झोकीत पुढे सरकतो. सर्वांत उंच पायांचे रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतात. त्यांची जाड जीभ पंपाप्रमाणे पाणी आत ओढते व बाहेर ढकलते आणि चोचीच्या कडांवरील कंगव्यासारख्या दात्यांत सूक्ष्म जीव अडकतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग या अन्नातील रंगद्रव्यांपासूनच तयार होतो.

दिवसभराच्या टिपणांतील पाण्याचा रकाना आता वाचून पाहावा. टिलवा ओल्या गाळावर, तुतवार पाण्याच्या कडेला, शेकाट्या वीतभर पाण्यात, रोहित त्याहून खोल, बदके मानेच्या मापाने, पाणकावळा सर्वांत खोल पाण्यात, अशी एक पायरीपायरीची रचना दिसते. जानेवारीपासून पाणी जसजसे उतरते तसतशी ही सर्व पंक्ती तलावाच्या काठाकडून मध्याकडे सरकत जाते आणि रोज थोडा नवा चिखल नव्या अन्नासह उघडा पडतो. पाण्याची पातळी सावकाश उतरणे हीच पक्ष्यांची शिधावाटप व्यवस्था होय. एखाद्या उथळ जागी भराव टाकला किंवा ती खणून एकसारखी खोल केली, तर पाणी दिसत राहूनही पक्ष्यांच्या निम्म्या जाती नाहीशा होतात.

दलदल आणि शहर

महसुलाच्या जुन्या दप्तरांत अशा जमिनींना ‘पोरंबोक’ म्हटले जाई. जिच्यावर शेतसारा बसत नाही अशी जमीन, असा त्याचा अर्थ. सारा न देणारी जमीन कालांतराने निरुपयोगी समजली गेली आणि निरुपयोगी जमिनीवर हक्क सांगण्यास कोणालाही संकोच वाटेनासा झाला. विसाव्या शतकाच्या मध्याला पळ्ळिकरणैच्या दलदलीचे क्षेत्र सुमारे पाच हजार हेक्टर धरले जाते. त्यानंतर तिच्यात वसाहती, कार्यालये, संस्थांच्या इमारती आणि लोहमार्गाची स्थानके उभी राहिली. मधून एक रुंद रस्ता गेला. उत्तरेकडे पेरुंगुडी येथे शहराचा कचरा टाकला जाऊ लागला.

या जमिनीचा उपयोग काय, याचे उत्तर पावसाने दिले. १ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नई परिसरात अतिवृष्टी झाली. तांबरम्‌ येथे चोवीस तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस पडला. वेळच्चेरी व पळ्ळिकरणै हे सखल भाग पाण्याखाली गेले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या वेळी त्याच भागांत पुन्हा पूर आला. पुराला कारणे अनेक असतात. परंतु पाण्याची पसरण्याची जागा व्यापली गेली की ते घरांत पसरते, हे त्यांपैकी एक उघड कारण आहे. आश्चर्य असे की, या दोन पुरांच्या दरम्यान, २०१९ च्या उन्हाळ्यात, शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि नागरिकांना टँकरवर अवलंबून राहावे लागले. पावसाचे पाणी धरून ठेवणारी आणि भूगर्भात मुरवणारी उथळ भूमी दोन्ही संकटांत सारखीच उपयोगी पडते.

या भूमीचे मोल ओळखण्यास आरंभ झाला आहे. २००७ साली दलदलीतील ३१७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर झाले. २०२२ साली सुमारे १२४७ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमीचा, दर्जा मिळाला. दर्जा मिळाल्याने पाणी आपोआप शुद्ध होत नाही. परंतु पुढील प्रत्येक निर्णयाच्या वेळी ही जमीन ‘रिकामी’ आहे असे कोणी म्हणू शकत नाही.

वेडंतांगलचा जुना धडा

चेन्नईहून सुमारे ७५ किलोमीटरांवर वेडंतांगल नावाचे खेडे आहे. या नावाचा अर्थ ‘शिकाऱ्याची वस्ती’ असा सांगतात. परंतु तेथील शेतकऱ्यांची कीर्ती नेमकी उलट आहे. गावच्या तलावात पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर दरवर्षी बगळे, पाणकावळे, मुग्धबलाक, चमचे व झोळीवाले हजारोंच्या संख्येने घरटी करतात. त्यांची विष्ठा पाण्यात मिसळते. तिच्यात नत्र व स्फुरद ही वनस्पतींची पोषकद्रव्ये असल्यामुळे तलावाचे पाणी भाताच्या शेतांना खतासह मिळते. अठराव्या शतकात इंग्रज शिपाई तेथे पक्ष्यांची शिकार करू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी चेंगलपट्टूच्या कलेक्टरकडे तक्रार केली. लायोनेल प्लेस या कलेक्टरने १७९८ साली त्यांना पक्ष्यांच्या संरक्षणाचा हक्क लेखी दिला. परिसंस्थाशास्त्र हा शब्द जन्माला येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. तलाव, पक्षी आणि पीक यांचा संबंध त्या शेतकऱ्यांनी निरीक्षणाने जाणला होता.

निरीक्षकाचे काम

असे निरीक्षण एकट्यादुकट्याचा छंद म्हणून राहू शकते, तसेच ते विज्ञानाला मदतही करू शकते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत हलकी कडी घालून त्यांच्या स्थलांतराचे मार्ग शोधले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडियक्करै हे त्या कार्याचे एक मोठे केंद्र ठरले. मद्रासमध्ये एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांनी १९५० पासून अखेरपर्यंत वृत्तपत्रातील आपल्या सदरातून आसपासच्या पशुपक्ष्यांविषयी सातत्याने लिहिले. तेथील निसर्गप्रेमींची मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटी ही संस्था १९७८ साली निघाली. १९८७ पासून आशियातील जलपक्ष्यांची गणना दर जानेवारीत केली जाते आणि तिच्यात सामान्य नागरिक सहभागी होतात. एखाद्या दलदलीवर किती पक्षी येत होते आणि आता किती येतात, हे सांगणारा पुरावा अशा वह्यांतूनच तयार होतो. पुरावा नसला की भरावाला विरोध करणाऱ्याच्या हाती तळमळीशिवाय काही उरत नाही.

प्रत्येक शाळेला हे काम करता येण्यासारखे आहे. गावचा किंवा शहरातील जवळचा तलाव निवडावा. काठाशी, पाण्यात, सेंटिमीटरांच्या खुणा केलेली एक काठी रोवावी. दर रविवारी ठरलेल्या वेळी पाण्याची पातळी वाचावी आणि त्याच जागेवरून दिसणारे पक्षी मोजावेत. मोठा थवा असेल तर प्रथम दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा लक्षात ठेवावी आणि त्या मापाने उरलेला थवा अजमावावा. नाव न कळल्यास चोच, पाय व आकार यांचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये. घरट्यांच्या जवळ जाऊ नये. पुढच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या हाती ही वही सोपवावी. चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे त्या तलावाची पातळी आणि त्याचे पक्षी यांचा संबंध विद्यार्थ्यांना स्वतःच्या अक्षरांत वाचता येईल आणि तो तलाव बुजवण्याचा प्रस्ताव कधी आलाच, तर ग्रामसभेपुढे किंवा नगरपालिकेपुढे ठेवण्यास ती वही तयार असेल.